पुस्तकाची सूची : संगणकावर आणि हाताने

साकीनाक्यातील सदनिका असो वा कोकणातील शेतजमीन, खरेदीखताची नोंदणी झाली की दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून ‘सूची क्रमांक दोन’चा उतारा मिळतो. हा उतारा महाराष्ट्रात घरोघरी परिचित आहे. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ५५ अन्वये ठेवावयाच्या चार सूचींपैकी ती एक होय. पहिल्या सूचीत दस्त करून देणाऱ्यांची व त्यान्वये हक्क सांगणाऱ्यांची नावे असतात, तर दुसऱ्या सूचीत मालमत्तेचा तपशील असतो. दस्त एकच, परंतु माणसाचे नाव ठाऊक असणाऱ्याला तो एका वाटेने सापडावा आणि केवळ मालमत्तेचे वर्णन ठाऊक असणाऱ्याला दुसऱ्या वाटेने, अशी ही योजना आहे. पुस्तकाच्या अखेरीस दिल्या जाणाऱ्या सूचीचे तत्त्व याहून निराळे नाही.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ मध्ये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख योग्य रीतीने सूचीबद्ध करावेत व त्यांची निर्देशसूची ठेवावी, असे कर्तव्य सांगितले आहे. कागद अस्तित्वात असणे आणि तो सापडणे यांतील अंतर विधिमंडळांनाही जाणवलेले आहे, हे यावरून दिसते. तथापि छापील पुस्तकांच्या बाबतीत हे अंतर अद्याप पुरेसे कमी झालेले नाही. ग्रामपंचायतींच्या स्मरणिका, शाळांचे शताब्दी-ग्रंथ, शासन निर्णयांची संकलने, स्थानिक इतिहासाची पुस्तके यांच्या प्रारंभी शुभेच्छा-संदेशांना भरपूर पाने मिळतात. शेवटी चार पाने सूचीसाठी राखून ठेवलेली क्वचितच आढळतात.

येथे संज्ञांचा थोडा खुलासा आवश्यक आहे. पुस्तकाच्या आरंभी प्रकरणांची नावे क्रमाने देणारी ती अनुक्रमणिका. पुस्तकांची यादी ती ग्रंथसूची. शंकर गणेश दाते यांनी सिद्ध केलेली ‘मराठी ग्रंथसूची’ या प्रकारची होय. प्रस्तुत लेखात ‘सूची’ हा शब्द तिसऱ्या अर्थाने वापरला आहे : पुस्तकातील व्यक्ती, स्थळे, घटना व विषय अकारविल्हे मांडून त्यांच्यापुढे पृष्ठांक देणारी, पुस्तकाच्या शेवटची सूची.

मराठीत या कामाला चांगली परंपरा आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचा बाविसावा विभाग सूचीसाठीच राखलेला होता. ज्ञानकोश मुळातच अकारविल्हे रचलेला असताना त्याला वेगळी सूची कशाला, असा प्रश्न कोणासही पडेल. परंतु एका लेखात येणारे दहा विषय त्या लेखाच्या शीर्षकावरून कळत नाहीत, हे केतकरांनी ओळखले होते. त्याआधी जेम्स कॅम्बेल यांनी संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरला १९०४ मध्ये एन्थोव्हेन यांनी केलेल्या सर्वसाधारण सूचीचा खंड जोडण्यात आला. त्याचा उपयोग आजही होतो. साकीनाक्याच्या भोवतालची मरोळ, मोहिली यांसारखी गावे ज्या साष्टी बेटावर आहेत, ते त्या काळी ठाणे जिल्ह्यात मोडत असे. मुंबई उपनगर जिल्हा १९२० साली निर्माण झाला. त्यामुळे उपनगराच्या अभ्यासकाला ठाण्याचे खंड उघडावे लागतात. जिल्ह्यांच्या सीमा बदलतात, कार्यालयांची नावे बदलतात. जुन्या पुस्तकात शिरण्याची वाट सूचीतूनच सापडते.

चिठ्ठ्यांपासून खुणांपर्यंत

पूर्वी सूची चिठ्ठ्यांवर तयार होई. छपाईपूर्वीची अखेरची मुद्रिते हाती आली की संपादक महत्त्वाच्या शब्दांखाली रेघ ओढी, प्रत्येक शब्दासाठी एक चिठ्ठी लिही, तिच्यावर पृष्ठांक टाकी आणि शेवटी चिठ्ठ्या अकारविल्हे लावी. या पद्धतीत एक मोठा दोष होता. पाने कायम झाल्याशिवाय कामास प्रारंभच करता येत नसे आणि पाने कायम होईपर्यंत प्रकाशन समारंभाच्या निमंत्रणपत्रिका वाटून झालेल्या असत. घाईत पहिली कुऱ्हाड सूचीवर पडे. शेवटच्या सोळा पानी फर्म्यात जागा उरली नाही, एवढ्या कारणानेही कित्येक सूच्या वगळल्या गेल्या असतील.

पृष्ठमांडणीच्या संगणकप्रणालींनी हा दोष दूर केला. ‘पेजमेकर’ ही अशा प्रणालींपैकी आरंभीची, १९८५ सालची. ‘इनडिझाइन’ १९९९ मध्ये आली आणि आज मुंबईतील बहुतेक अक्षरजुळणी केंद्रांत तीच वापरात आहे. या प्रणालीत पृष्ठांक लिहावा लागत नाही. मजकुरातील शब्दाजवळ एक अदृश्य खूण रोवली जाते. पुढे परिच्छेद वाढला, चित्र सरकले किंवा प्रकरण मागेपुढे झाले, तरी खूण आपल्या शब्दाबरोबर नव्या पानावर जाते. सूची पुन्हा काढण्याची आज्ञा दिली की त्या वेळचे पृष्ठांक आपोआप येतात. प्रत्येक प्रकरण वेगळ्या फाइलीत असले, तरी सर्व फाइली एका ग्रंथ-फाइलीत गुंफून संपूर्ण पुस्तकाची एकच सूची काढता येते.

खूण करताना नोंदीचा आवाकाही सांगता येतो : केवळ त्या पानापुरती, पुढील अमुक परिच्छेदांपर्यंत किंवा विभाग संपेपर्यंत. नोंदीखाली उपनोंदी ठेवता येतात. ‘पाहा’ आणि ‘हेही पाहा’ हे निर्देश देता येतात. चित्र असलेल्या पानाचा अंक ठळक किंवा तिरक्या ठशात उमटावा, अशी व्यवस्थाही करता येते. ज्या ग्रामपंचायतीला किंवा शाळेला विकतची प्रणाली परवडत नाही, तिला लिबरऑफिस या विनामूल्य प्रणालीतही अकारविल्हे सूचीची सोय मिळते. सूचीत घ्यावयाच्या शब्दांची यादी वेगळ्या फाइलीत देऊन खुणा करवून घेण्याचा मार्गही तिच्यात आहे.

यंत्राला काय दिसत नाही

येथवर सर्व सुखकर आहे. अडचण यापुढे सुरू होते आणि ती पुष्कळशी मराठी भाषेच्या स्वभावातून येते. उदाहरणादाखल अशी कल्पना करावी की, एखाद्या शाळेच्या शिक्षकांनी साकीनाका परिसराच्या इतिहासाचे दोनशे पानांचे पुस्तक लिहिले आहे. त्यात विहार तलाव, मिठी नदी, मरोळ-मोहिलीची जुनी वस्ती, खैराणी रोडवरील कारखाने, २००५ ची अतिवृष्टी आणि ८ जून २०१४ रोजी सुरू झालेला वर्सोवा-घाटकोपर मेट्रो मार्ग, हे सर्व आले आहे. आता त्याची सूची करावयाची आहे.

प्रणालीत ‘सर्व उल्लेख जोडा’ अशी एक आज्ञा असते. ‘साकीनाका’ हा शब्द निवडून ती दिली, की जेथे जेथे तो शब्द जसाच्या तसा आला आहे तेथे खूण होते. परंतु मराठी वाक्यात नाम मूळ रूपात थोडेच राहते? ते ‘साकीनाक्याला’, ‘साकीनाक्यावर’, ‘साकीनाक्याच्या’ असे सामान्यरूप धारण करून येते. ही आज्ञा पूर्ण शब्दच जमेस धरीत असल्याने यांपैकी एकही रूप तिच्या हाती लागत नाही. ‘विहीर’ची ‘विहिरीत’ होताना दीर्घ वेलांटी ऱ्हस्व होते. ‘पाणी’चे ‘पाण्याचा’ होताना अखेरचे अक्षरच बदलते. यावर उपाय आहे, पण तो थोडा कष्टाचा आहे. शब्दाचा न बदलणारा भाग, येथे ‘साकीनाक’ एवढाच, साध्या शोधात टाकावा आणि सापडलेल्या प्रत्येक जागी उल्लेख वाचून, तो महत्त्वाचा असल्यास एकाच नोंदीखाली खूण करावी. त्यातही लेखनभेदाचा प्रश्न राहतो. कोणी ‘साकीनाका’ जोडून लिहितो, कोणी ‘साकी नाका’ तोडून, तर कोणी मध्ये संयोगचिन्ह घालतो. यांतील एक रूप आधीच निश्चित केले नाही, तर सूचीत एकाच ठिकाणाच्या तीन नोंदी शेजारी शेजारी दिसतील आणि वाचक पहिलीवरच थांबेल.

याच्या उलट, शब्द तोच परंतु अर्थ निराळे, असेही घडते. या परिसरात ‘विहार’ हा शब्द त्याचे उत्तम उदाहरण आहे. मुंबईला पाणी पुरविण्यासाठी १८६० मध्ये पूर्ण झालेला विहार तलाव, वस्तीतील बौद्ध विहार आणि साकी विहार मार्ग या तीन भिन्न गोष्टी आहेत. यंत्र तिन्ही एका नोंदीत टाकून पुढे दहा-बारा अंकांची रांग लावील. वाचकाला तलावाची माहिती हवी असेल, तर त्याने बारा पाने उलटावीत काय? म्हणून ‘विहार तलाव’, ‘विहार, बौद्ध’ आणि ‘साकी विहार मार्ग’ अशा स्वतंत्र नोंदी माणसानेच कराव्या लागतात.

सर्वांत गंभीर अडचण मात्र तिसरीच आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी साकीनाका परिसरात डोंगराचा कडा वस्तीवर कोसळून अनेक रहिवासी मृत्युमुखी पडले. आता असे समजावे की, वरील पुस्तकात या प्रसंगाविषयी दोन पाने आहेत. त्यांत “डोंगर खाली आला”, “उतारावरची घरे गाडली गेली”, “माती उपसण्याचे काम चालू राहिले” अशी वाक्ये आहेत, पण ‘दरड’ हा शब्द एकदाही आलेला नाही. लेखनाच्या दृष्टीने त्यात काहीच दोष नाही. तथापि डोंगरउतारावरील वस्त्यांच्या सुरक्षिततेचा विचार करणारा अधिकारी किंवा नगरसेवक सूची उघडील तो ‘दरड’ या शब्दाच्या शोधात. ‘आपत्ती’, ‘अतिवृष्टी’ असेही तो पाहील. पुस्तकात नसलेल्या शब्दाची नोंद यंत्र करू शकत नाही. त्याच्या लेखी ती दोन पाने या विषयावरची नाहीतच. सूचीकाराने मजकूर वाचून, त्याचा आशय कोणत्या शब्दाखाली शोधला जाईल हे ओळखून ‘दरड कोसळणे (२००५)’ अशी नोंद स्वतः लिहावी लागते आणि ‘अतिवृष्टी’खाली ‘हेही पाहा : दरड कोसळणे’ असा निर्देश द्यावा लागतो.

हीच गोष्ट स्त्रियांच्या उल्लेखांची आहे. नळावरच्या रांगा, घरबसल्या केलेली मोलाची कामे, बालवाड्या यांविषयी मजकूर पुष्कळ असतो, पण नावे नसतात. केवळ विशेषनामांची सूची केली, तर तिच्यात उद्‌घाटन करणारे सर्व पाहुणे येतील आणि वस्तीतील बाया एकदाही येणार नाहीत. अशी सूची तांत्रिक दृष्ट्या निर्दोष ठरेल. ती पुस्तकाशी प्रामाणिक आहे, असे मात्र म्हणता येणार नाही.

अकारविल्हे म्हणजे कोणता क्रम?

खुणा झाल्या, सूची काढली आणि पाहावे तो ‘मरोळ’ हे नाव ‘मरोशी’च्या आधी छापून आलेले असते. कारण असे की, संगणकासाठी प्रत्येक अक्षराला दिलेल्या युनिकोड सांकेतिक क्रमांकांत ‘ळ’चे स्थान ‘ल’नंतर लगेच आहे, तर मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. ‘ॲ’ या अक्षराला सांकेतिक क्रमांक पुष्कळ उशिरा, २००८ मध्ये, मिळाला आणि तोही व्यंजनांच्या पलीकडचा. त्यामुळे निव्वळ क्रमांकानुसार मांडणी केल्यास ‘ॲम्ब्युलन्स’ हा शब्द ‘हॉटेल’च्याही खाली जातो. अंकांचेही तसेच, ‘२६ जुलै’ अशी नोंद केली, तर ती सूचीच्या तळाशी जाऊन बसते. तिचे योग्य रूप ‘जुलै २६, २००५’ हे होय.

महाराष्ट्र शासनाने देवनागरी वर्णमालेसंबंधी २००९ मध्ये निर्णय काढला आणि २०२२ मध्ये तो अद्ययावत केला. ‘ॲ’ व ‘ऑ’ यांना त्यात स्वरांमध्ये स्थान आहे. शासकीय प्रकाशनांनी हाच क्रम आधारभूत धरावा, हे उघड आहे. तरीही ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांचा प्रश्न उरतो. काही कोश त्यांना जोडाक्षरे मानून अनुक्रमे ‘क’ व ‘ज’खाली घेतात, काही वर्णमालेच्या अखेरीस ठेवतात. अनुस्वारयुक्त शब्दांबाबतही दोन परंपरा आहेत. दोहोंपैकी कोणतीही स्वीकारावी. मात्र सूचीच्या आरंभी एका ओळीत तसे सांगावे, म्हणजे ‘ज्ञानेश्वर’ शोधणारा वाचक हताश होणार नाही. ज्या प्रणालीत मराठी क्रमाची सोय नाही, तेथे प्रत्येक नोंदीला दिसणाऱ्या रूपाखेरीज एक ‘क्रमरूप’ देता येते. नोंद छापली जाते ती दिसणाऱ्या रूपात. तिचे स्थान ठरते क्रमरूपावरून. दोन-तीनशे नोंदींच्या सूचीसाठी हे काम एका दुपारीत होण्याजोगे आहे.

जुन्या, युनिकोडपूर्व अक्षरसंचांत जुळविलेल्या पुस्तकांची स्थिती याहून बिकट आहे. त्यांत पडद्यावर मराठी दिसत असले, तरी संगणकाच्या स्मृतीत रोमन अक्षरांचे संकेत साठविलेले असतात. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठविली जाते. परिणामी ‘विहार’, ‘मिठी’ आणि ‘किरोळ’ हे तिन्ही शब्द पहिल्या अक्षराचा विचार न होता वेलांटीच्या एकाच गटात गोळा होतात. असा मजकूर प्रथम युनिकोडमध्ये रूपांतरित करून, मुद्रितशोधन करून मगच सूचीला हात घालावा. युनिकोडमध्येही एक सापळा आहे. ‘शेतकऱ्यांच्या’ या शब्दातील र दोन प्रकारे टंकलिखित होतो. दिसायला अक्षर सारखेच, पण साठवण वेगळी. मग एकच नोंद सूचीत दोनदा येते आणि वरकरणी कारण उमगत नाही. एक नोंद पुसून दुसरीच्या रूपात पुन्हा टंकित करणे, हा त्यावरचा साधा इलाज.

संस्कार

पहिल्या आज्ञेने निघालेली सूची हा कच्चा माल समजावा. ती छापून घ्यावी आणि हाती तांबडी पेन्सिल घेऊन वाचावी. पडद्यावर हे काम नीट होत नाही.

ज्या नोंदीपुढे सहा-सातांहून अधिक पृष्ठांक आहेत, ती उपनोंदींत फोडावी. ‘मिठी नदी’पुढे पंधरा अंक असतील, तर उगम, पूर, रुंदीकरण, काठावरील कारखाने असे विभाग करावेत. उलटपक्षी, ज्या पानावर केवळ “मिठीच्या पलीकडे” एवढाच ओझरता उल्लेख आहे, ते पान काढून टाकावे. वाचकाला तेथे पाठवून काहीच मिळणार नसेल, तर त्याला पाठवू नये.

व्यक्तिनामे आडनावाखाली द्यावीत, हा सर्वसाधारण नियम. ‘फुले, जोतीराव’ आणि ‘फुले, सावित्रीबाई’ त्यामुळे एकत्र येतात. परंतु संत, राजे आणि रूढ उपाधींनी ओळखल्या जाणाऱ्या व्यक्तींना तो लावू नये. ‘भोसले, शिवाजी’ अशी नोंद कोणीही शोधणार नाही. ‘जोतिबा’ म्हणून शोधणारा वाचक असेल, तर त्याच्यासाठी ‘पाहा : फुले, जोतीराव’. ‘घरपट्टी’ हा गावातला शब्द, ‘कर आकारणी’ हा कागदावरचा; शासन निर्णयांच्या संकलनात सरपंच पहिलाच शोधील. दोन्ही असावेत, एकावरून दुसऱ्याकडे निर्देश असावा. मात्र ‘घरपट्टी : पाहा कर आकारणी’ आणि तेथे गेल्यावर ‘कर आकारणी : पाहा घरपट्टी’, असा फेरा होऊ देऊ नये. कार्यालयात एका मेजावरून दुसऱ्या मेजावर धाडल्या जाणाऱ्या अर्जदारासारखी वाचकाची गत होते. निर्देश जिकडे नेतो ती नोंद सूचीत प्रत्यक्ष आहे, याचीही खात्री करावी लागते, कारण दुरुस्त्यांच्या ओघात नोंदी पुसल्या जातात आणि त्यांच्याकडे बोट दाखवणारे निर्देश तसेच मागे राहतात.

या सर्व दुरुस्त्या कोठे करावयाच्या, याविषयी अक्षरजुळणी केंद्रात अनेकदा घोटाळा होतो. निघालेल्या सूचीच्या मजकुरात हाताने बदल केले, तर पुढच्या वेळी सूची काढताच ते सारे नष्ट होतात. म्हणून दुरुस्ती प्रणालीच्या सूची-फलकात, मूळ नोंदीवर करावी. मुद्रितशोधनालाही हीच शिस्त लावावी लागते. खुणा करून झाल्यावर लेखकाने प्रकरणाची नवी सुधारित प्रत पाठवायची आणि ती जुन्या मजकुरावर चिकटवली जायची, हा नेहमीचा प्रकार. तसे होताच त्या प्रकरणातील एकूण एक खूण नाहीशी होते. सूचीत त्याचे काही चिन्ह दिसत नाही. फक्त एका प्रकरणाचे पृष्ठांक कोठेच आढळत नाहीत. खुणा सुरू झाल्यानंतरचे बदल मांडणीच्या फाइलीतच, शब्दाशब्दाने करावेत.

सूची कोणी करावी? जुळणी करणाऱ्या कारागिराने नव्हे. त्याला पृष्ठसंख्येप्रमाणे मोबदला मिळतो आणि पुस्तकाचा आशय जाणण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकणे न्याय्य नाही. लेखकाने किंवा संपादक शिक्षकाने नोंदी ठरवाव्यात, कारागिराने त्या रोवाव्यात. लेखक आपल्या विषयात इतका बुडालेला असतो की, नवख्या वाचकाचा शब्द त्याला सुचत नाही. म्हणून कच्ची सूची पुस्तकाशी संबंध नसलेल्या एखाद्या व्यक्तीला द्यावी आणि तिने मनात येतील ते दहा-पंधरा शब्द शोधून पाहावेत. न सापडलेले शब्द निर्देशांच्या रूपाने भरावेत.

दोनशे पानांच्या पुस्तकाला साधारणपणे सहा ते दहा पानांची सूची पुरते. फर्म्यांचा हिशेब करतानाच ही पाने मुद्रकाला सांगून ठेवावीत. अखेरची मुद्रिते संमत झाल्यावर सूची शेवटची एकदा काढावी आणि तिच्यातील वीस-पंचवीस नोंदी कोठूनही निवडून प्रत्यक्ष पानांशी ताडून पाहाव्यात. एखादा जरी अंक चुकीचा निघाला, तरी त्या प्रकरणाच्या सर्व नोंदी तपासाव्यात. छपाई आटोपल्यावर मांडणीच्या फाइली अक्षरसंचांसह संस्थेने मुद्रकाकडून मागून घ्याव्यात व दप्तरी जपून ठेवाव्यात. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी खुणा त्यांतच सापडतील आणि नव्याने लिहिलेल्या पानांपुरतेच काम उरेल.